सुधाचा पंखा

बदलापूर, मंगळवार, १२ फेब्रुवारी १९९१

पुन्हा मीटर न बघताच सरासरीचं बिल! न्यायशास्त्रात आधी प्रत्यक्ष, मग अनुमान. वीज कचेरीत नुसतंच अनुमान. दिवाळीनंतर लेक सुधा लग्न होऊन धारवाडला गेली, अष्टौप्रहर फिरणारा तिचा पंखा थांबला, मग युनिटं तेवढीच कशी? हेच भांडायला आज कचेरीत गेलो. कारकुनाने विचारलं, "काका, घरात माणसं किती?"

"तीन."

"मग बरोबर आहे की बिल!"

दोन म्हणायला जीभ अजून शिकलेली नाही, त्याला काय करणार?

आत्ता सुधाच्या खोलीत तिचा पंखा लावून बसलोय. ही दारातून म्हणाली, "अहो, थंडीत पंखा?"

म्हटलं, "बिल खरं करतोय."

पदर लपेटून शेजारी येऊन बसली.