पुतळ्याला उपदेश

४ मार्च, मंगळवार

शुक्रवारच्या बायबल अभ्यासात ह्यांना योएल संदेष्ट्यावर बोलायचंय. दुकानात तालीम जोरात — गळ्यात टेप, हातात कात्री, समोर कपडे चढवायचा पुतळा. "वस्त्रं नकोत, अंतःकरण फाडा! माघारी फिरा!" पुतळा निमूट ऐकतो. मी म्हटलं, "योएल वस्त्रं फाडा म्हणाला असता तर आपला धंदा तरी झाला असता." हसले नाहीत.

पुतळा लेकीच्या मापाचा. गेल्या वर्षी ती गिऱ्हाइकासमोर म्हणाली, "बाबा, कॉलर चुकली." ह्यांनी तिला दुकानाबाहेर काढलं. (चुकलीच होती कॉलर!) आता ती आणि जावई दोन गल्ल्या सोडून शिवणकाम करतात. पुतळ्याचं माप बदलायला कमरेला स्क्रू आहेत, पण ते हलवायची कुणाची टाप नाही. जाड गिऱ्हाईक आलं की हे अंदाजाने शिवतात आणि बोलणी खातात.

५ मार्च

"माघारी फिरा" हे नक्की कुणाला, मी विचारलं. "ज्याला लागू आहे त्याला," म्हणाले. नजर तिच्या गल्लीकडे.

लेकीला सातवा महिना लागलाय, हे परत एकदा कानावर घातलं. "तिने यावं, माफी मागावी. दार उघडंच आहे." उघडं आहे, पण दारात हेच आडवे उभे! नातवंड आलं तरी हे असेच बसतील की काय, याची मला खरंच भीती वाटते.

७ मार्च, शुक्रवार

बोलणं सगळ्यांना आवडलं. प्रत्येकाला वाटलं, शेजारच्यासाठी होतं. मग निवृत्त नर्सबाईंनी पुढची ओळ वाचली आणि चष्म्यावरून ह्यांच्याकडे बघितलं. "इथे तर म्हटलंय, कोण जाणे, देवही वळेल. त्याचं तर काही चुकलं नव्हतं ना? मग तो कशाला वळतो?"

हे टेप गुंडाळत बसले. बायबल अभ्यासाला टेप कशाला नेली होती कोण जाणे.

८ मार्च

तालीम बंद. पुतळ्याला सुट्टी.

१० मार्च, सोमवार

"दोरा घेऊन येतो," म्हणून दुपारी गेले ते दिवे लागल्यावर उगवले. हात रिकामे. "मिळाला नाही." कपाटात रिळं ठासून भरलीत! मी चिडून पान वाढलं. हे मात्र दोनदा भात मागून जेवले.

११ मार्च

सकाळी मी दुकानात झाडायला गेले. पुतळ्याचे स्क्रू सैल केलेले. पोटावर कापूस बांधलेला, वर कच्च्या टाक्यांचा सैल झगा. पोटाचा घेर अगदी अचूक. अंदाजाने ह्यांना हे सात जन्मांत जमायचं नाही. टेप लेकीच्या पोटावरून फिरली आहे. मी तिथेच खाली बसून रडले.

कॉलरही सुरेख बसली आहे. ती ह्यांनी कापलेली नाही.