लाइमचा रिपोर्ट आणि पेढे

डोंबिवली, मंगळवार, १२ जुलै १९९४

डोकं फिरलंय माझं. आज आईने अख्ख्या मजल्यावर पेढे वाटले. का, तर अमेरिकेहून सुट्टीवर आलेल्या माझ्या धाकट्या भावाचा, नितीनचा, लाइमचा (गोचीड चावून होणारा तिकडचा आजार) रिपोर्ट निगेटिव्ह आला.

ठाण्याच्या टेंभी नाक्यावरच्या डॉक्टरांनी त्याच्या पोटरीवरचं लाल वर्तुळ बघताच सांगितलेलं, तिकडे रानात फिरताना गोचीड चावली असणार, गोळ्या आजच सुरू करा. रक्त तपासायच्या नादी लागू नका, इतक्या लवकर त्यात काही दिसत नाही. पण बाबांना रिपोर्टशिवाय काही पटतं का? "गोचीड म्हशीला लागते, माणसाला नाही," म्हणे. पाठवलंच रक्त मुंबईला. निगेटिव्ह आल्याबरोबर गोळ्या बंद आणि रिपोर्ट देव्हाऱ्यात. आता ते वर्तुळ गजकर्ण ठरलंय आणि त्याला मलम चोळणं चाललंय. आणि नितीन, आमचे इंजिनीअरसाहेब, मलाच सांगतात, "ताई, रिपोर्ट नॉर्मल आहे ना, मग सोड ना."

ज्या तपासणीत आत्ता काही दिसणारच नव्हतं, ती करून मिळवलं काय आपण?

परवा मी त्या वर्तुळाच्या कडेने बॉलपेनने रेघ मारून ठेवलेली. अंघोळीनंतर रोज तीच गिरवतेय. आज जेवणं झाल्यावर नितीनला सगळ्यांसमोर पाय पुढे करायला लावला. वर्तुळ दोन दिवसांत रेघेच्या बोटभर बाहेर गेलंय; गजकर्ण इतक्या झपाट्याने पसरत नाही. बाबांनी वाकून बघितलं. मग उठले आणि कपाटात गोळ्या शोधायला लागले.

आई पेढ्यांच्या रिकाम्या पुड्याकडे बघत म्हणाली, "अगं, पण पेढे वाटून झालेत."