रिगर दादाची दोन पानं

रवि., १९ नोव्हें. १९६१
आमच्या मराठी मंडळाची बैठक. चिवडा मऊ, चर्चा त्याहून मऊ. एकच ठराव झाला: १० डिसें.ले आठवण-वाचन. यंदा तिघं गेले. गंगूताई, पाठकचे वडील नानाजी अन् मारोती रिगर. लिहायचं कोणी? अर्थात मी. मी सेक्रेटरी ना. अध्यक्ष देशकर साहेब म्हणाले, बोरकर, तुमचं अक्षर चांगलं आहे. अक्षर चांगलं असणं हा गुन्हाच आहे बाप्पा.

खरं तर मनातून बरं वाटलं. गावात माणूस गेला की सारी आळी दहा दिवस त्याच्यावर बोलते. इथं भिलाईत, कारखान्याच्या वस्तीत कोण बोलेल? सारे बाहेरून आलेले, शेजाऱ्याचं गाव कोणतं ते माहीत नाही. म्हणून मंडळानं ही रीत पाडली. प्रत्येकाची दोन पानं लिहायची, सगळ्यांसमोर वाचायची, अन् एक नक्कल त्याच्या गावी पाठवायची. मले आवडते हे काम. सौ.ले सांगितलं नाही, नाहीतर रोज म्हणेल, घरचं कधी कराल?

मंगळ., २१ नोव्हें.
गंगूताईचं एका बैठकीत झालं. कॅम्पात दवाखाना व्हायच्या आधी तंबूत बाळंतपणं करायची. किती केली ते कोणी मोजलं नाही, तिनंही नाही. आमची शरू तिच्याच हातची. सौ.ले कळा सुरू झाल्या अन् मी नुसता आतबाहेर करून राहिलो होतो. गंगूताईनं मले खाली बसवलं, म्हणाली, बाबू, कांदे चिरा. दोन शेर चिरले. डोळ्याले धार. मग विचारलं, हे कशाले पाहिजे होते? तर म्हणे, कशालेच नाही, तुम्ही पायात येऊन राहिले होते.
हे घातलं. सौ. म्हणाली, काढा ते, लाज आहे का काही? नाही काढलं.

शुक्र., २४ नोव्हें.
नानाजी. सारी क्वार्टरं एकसारखी, माणूस ड्यूटीवरून थकून यायचा अन् भलत्याच्याच घरात शिरायचा. नानाजी चौकात खुर्ची टाकून बसत, रस्ता सांगत. नेहमी चुकीचा. माणूस फिरून फिरून परत चौकात आला की त्याले घरी नेत, चहा पाजत. पाठकची अन् माझी ओळख अशीच झाली, मी स्वतःचंच घर शोधून राहिलो होतो.
पाठक आज म्हणाला, बाबांना रस्ते चांगले पाठ होते. म्हणजे म्हातारा मुद्दाम...
तीन वेळा चुकलो होतो मी. तीन कप. असो, हेही घातलं.

सोम., २७ नोव्हें.
मारोती रिगर. इथं गाडी अडली.
ऑक्टोबरात तापानं गेला. मागं बायको सुभद्रा, लेकरू नाही. लोखंडाचे गर्डर दोरानं उंचावर चढवायचं काम. सगळे त्याले दादा म्हणत. चार वर्षं टाइम ऑफिसच्या खिडकीत रोज पाहिलं, हजेरी मीच लावली, अन् लिहायले बसलो तर चार ओळी. कमी बोलायचा. नाव पुकारलं की पहिल्या हाकेले कधी ओ दिली नाही. मी म्हणायचो, मारोती, कान गावीच ठेवून आला का? तो हसायचा.
रेकॉर्डात पत्ता पाहिला, साकोलीकडचं खेडं. घरच्याले कार्ड टाकलं: 'कै. मारोती यांचे बालपण, स्वभाव व आवडीनिवडी यांची माहिती सत्वर पाठवावी.' सुवाच्य.

शनि., २ डिसें.
उत्तर आलं. जसंच्या तसं उतरवून ठेवतो, नाहीतर पुढं मलेच खोटं वाटेल.
'बाबूजीस रामराम. मी मारोती. मी मेलो नाही. मी बांधीत धान कापून राहिलो होतो तेव्हा तुमचं कार्ड आलं. पोस्टमननं घरी वाचलं. माह्या बायकोनं रडून गाव गोळा केलं. लोकं मले उचलून आणायले बांधीकडे निघाले तर मीच समोरून विळा घेऊन आलो. तुम्ही असं कावून लिहिलं? दादा गेला ते आमाले माहीत आहे, आम्ही तेरवी केली. मी स्वतः येतो. आवडीनिवडी विचारल्या म्हणून, मले कारल्याची भाजी आवडत नाही.'
सौ. हसता हसता खाली बसली. मले मात्र घाम फुटला. मारोती जर बांधीत आहे, तर मी चार वर्षं हजेरी कोणाची लावली?

रवि., ३ डिसें.
सकाळीच सुभद्राबाईच्या क्वार्टरवर गेलो. कार्ड वाचून दाखवलं. आधी हसली, मग रडली, मग चहा ठेवला.
सारं सांगितलं तिनं. तिचा नवरा थोरला, शाळेत गेलाच नाही. धाकटा मारोती चौथी पास. भरतीत सर्टिफिकेट मागत होते. धाकट्याले शेत सोडायचं नव्हतं, त्यानं आपला कागद थोरल्याले देऊन टाकला. कागदासंगं नावही आलं.
मले रागच आला. सेक्शनातला एकूण एक माणूस मले माहीत आहे अशी फुशारकी मारत होतो मी, अन् हा रोज माझ्यासमोर दुसऱ्याच्या नावानं उभा! मग घरी येता येता राग उतरला. पहिल्या हाकेले ओ कावून देत नव्हता ते समजलं. हाक आपल्यासाठी आहे हे ध्यानात यायले तेवढा वेळ लागतेच ना माणसाले. अन् मी चारचौघात त्याच्या कानांची थट्टा करत होतो. वाईट वाटलं, फार.

तिले म्हटलं, झालं गेलं, मारोती म्हणूनच वाचतो. तर म्हणाली, "बाबूजी, कागदात मारोतीच राहू द्या. पण माणसाईत एक डाव त्यायचं नाव निघू द्या."
समजावलं. शाळेत झाडलोट करणाऱ्या बाईची जागा रिकामी आहे, तिच्यासाठी अर्ज मीच लिहून दिला आहे. ऑर्डरवर सही व्हायची आहे ती देशकर साहेबांची. तेच मंडळाचे अध्यक्ष, पहिल्या रांगेत बसतील. खोट्या नावाची भरती उघडी पडली तर जागा गेली अन् क्वार्टरही खाली करा लागेल. म्हणाली, मले माहीत आहे.
सगळ्याले सगळं माहीत आहे. मीच एक हुशार.
त्याचं खरं नाव कोणतं ते विचारायचंही भान राहिलं नाही.

मंगळ., ५ डिसें.
मारोती आला. पॅसेंजरनं दुर्गले उतरून, तिथून पुढं पायी. खिडकीत उभा राहिला अन् माझ्या हातून रूळ पडला. तोच चेहरा, तेच उभं राहणं. शेजारच्या टेबलावरचे वर्माजी पाण्याचा ग्लास घेऊन धावले. त्याईले वाटलं मले चक्कर आली. आलीच होती.
माझ्यासाठी पिशवीत चिन्नोर तांदूळ. मी त्याले कागदावर मारलं, अन् हा मले तांदूळ देऊन राहिला.
थोरल्याचं नाव तुळशीराम.
सुट्टी झाल्यावर दोघं मरोद्याच्या तलावाकडे गेलो. तिथं बसून भावाचं सांगितलं त्यानं. लहानपणी तुळशीराम धानाच्या पेंढ्याची, तणसाची गाडी अशी बांधायचा की नाल्यातून नेली तरी काडी पडत नसे. आजानं शिकवलेली गाठ. मी उडालोच. तीच गाठ इथं कारखाना उभारायले आलेल्या एका रशियन साहेबानं त्याच्याकडून तीनदा बांधून घेतली होती अन् वहीत तिचं चित्र काढलं होतं. मी स्वतः पाहिलं, पण गाठ तणसाच्या गाडीची आहे हे मले कुठून कळणार? मारोतीले सांगितलं तर तलावाकडे तोंड करून बराच वेळ हसत बसला. डोळे पुसले.
विचारलं, नाव देऊन टाकलं त्याचं काही वाटलं नाही का? म्हणाला, "मले नाव काय करायचं? बैल का नावानं ओळखतेत मले?" अन् म्हणे, माह्यंच नाव वाचा बाबूजी, वहिनीची जागा जाऊ नये. मेल्याची खोटी खबर उठली तर आयुष्य वाढते.
चांगला माणूस. सौ.नं नेमकं कारलंच केलं होतं. खाल्लं बिचाऱ्यानं.

शुक्र., ८ डिसें.
दोन पानं तीनदा लिहिली. मारोती घालून लिहिलं, फाडलं. तुळशीराम घालून लिहिलं, फाडलं. शेवटी नावच घातलं नाही. 'आपले रिगर दादा.' सापही मरेल अन् काठीही मोडणार नाही.
सौ.ले वाचून दाखवलं. म्हणाली, लिहिलं चांगलं, पण घाबरट आहात तुम्ही. मी म्हटलं, अगं, हजेरीवर सही माझी आहे, मलेही विचारतील. म्हणाली, तेच म्हणून राहिली मी.


रवि., १० डिसें.
शाळेचा व्हरांडा, दुपारी चार. थंडी चांगली पडली आहे, लोकं शाली घेऊन. अहिवाऱ्याकडच्या चुनखडीच्या खाणीवरूनही चार घरं आली. सतरंज्या पुरल्या नाहीत.
गंगूताईचे कांदे वाचले तेव्हा बायकांनी पदर तोंडाले लावले. सर्वांत जोरात हसली तिचीच लेक. नानाजीच्या वेळी पाठक उठून म्हणाला, बाबा दुपारी सेक्टरचा नकाशा घेऊन बसत. मंडळी लोटपोट. अर्ध्या लोकांनी तो चहा पिलेला आहे, आज कळलं.
मग तिसऱ्याची पानं. आपले रिगर दादा, तणसाची गाडी, गाठ, रशियन साहेबाची वही. सगळे अगदी शांत ऐकून राहिले होते. मले वाटलं, निभलं. शेवटची ओळ वाचली अन् देशकर साहेब हळूच म्हणाले, बोरकर, नाव राहिलं.
पाणी पिलो. कागद खालीवर केले. 
मागून सुभद्राबाई उभी राहिली.
"बाबूजीले भेव वाटते, मीच सांगते. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, म्हणून चार वर्षं मले खोटं बोला लागलं नाही. कागद माह्या दिराचा होता, त्यावर मारोती होतं. त्यायचं नाव तुळशीराम." जरा थांबली अन् पुन्हा म्हणाली, "तुळशीराम."
दुसऱ्यांदा घेतलं तेव्हा आवाज व्हरांड्याच्या पार गेला.
 साहेब चष्मा पुसून राहिले. मारोती उठला, अन् मारोती मी, एवढं म्हणून खाली बसला. कोणाले तरी हसू आलं, ते तिथंच दबलं. मग रिगर टोळीतले पाच-सहा जण उभे झाले. टोळीचा म्हातारा मुकादम म्हणाला, बाबूजी, पयल्यापासून वाचा. नावानं वाचा.
मी साहेबांकडे पाहिलं नाही. वाचलं. जिथं जिथं दादा लिहिलं होतं तिथं तिथं तुळशीराम म्हटलं.  सुभद्राबाई उभीच होती, संपेपर्यंत बसली नाही.
नंतर बायकांनी तिले मधात बसवून चहा दिला. बऱ्याच दिवसांनी तिले कोणाशी पोटभर बोलताना पाहिलं. मले उगाच मोठं काम केल्यासारखं वाटून राहिलं होतं. केलं तिनं.
साहेब जाताना एवढंच म्हणाले, इतिवृत्त उद्या संध्याकाळी सहीले घरी आणा. चेहऱ्यावरून काही समजलं नाही. माझा चहा थंड झाला.

सोम., ११ डिसें.
मारोती सकाळच्या गाडीनं गेला. दोन पानांची नक्कल त्याच्याच हाती दिली, टपालानं पाठवायची हिंमत नव्हती. सुभद्राबाई त्याले पोचवायले आली होती. तिले विचारलं, ऑर्डर नाही निघाली तर? म्हणाली, दिराच्या घरी धान आहे, हातात जोर आहे, बाबूजी, तुम्ही जेवून घ्या. मीच तिले धीर द्यायले गेलो होतो.
ऑफिसात दिवसभर कोणी काही बोललं नाही. वर्माजीनं नुसतं विचारलं, वो उस दिनवाला आदमी भाई था क्या? हो म्हटलं.

घरी येऊन मंडळाचं रजिस्टर उघडलं. हजर किती, चिवडा कोणी दिला, हे सारं आधी लिहून काढलं. मग त्या ओळीवर आलो. 'एका दिवंगत सभासदाच्या आठवणी वाचण्यात आल्या' असंही लिहिता आलं असतं. नियमात बसते. साहेबांनाही सही करायले सोपं गेलं असतं, अन् तेही माणूसच आहेत. अर्धा तास टाक हातात धरून बसलो. सौ. दोनदा येऊन गेली.
लिहिलं. 'कै. तुळशीराम, रिगर. यांचे नाव त्यांच्या पत्नीने सभेत सांगितले.'
आता जातो साहेबांकडे. सही करतील की पान फाडायले सांगतील, की ऑर्डरचा कागद समोर ठेवून काही विचारतील, देव जाणे. सौ.नं मफलर दिला, दारापर्यंत आली, म्हणाली, काय होईल हो? मी म्हटलं, माहीत नाही. पण खोडायले सांगितलं तर मी खोडणार नाही.