भोंगा, नॅरोगेज आणि हयात असलेले दाजी

साजगाव, रविवार सकाळ

तीर्थस्वरूप विलासदाजी यांस,
हिरामणचा वाकून नमस्कार.

तुम्ही हयात आहात. या वृत्ताला काल संध्याकाळी पावणेसहा वाजता संध्याताईने वापीहून फोनवर दुजोरा दिला. त्या वेळी तुम्ही गॅलरीत बसून पेरू खात होतात, असंही तिने सांगितलं. पत्राच्या सुरुवातीला प्रकृतीची चौकशी करतात, पण ती इतक्या घाईने करायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली. गुडघा कसा आहे? (माझा नंबर तुम्ही चार वर्षांपूर्वी ब्लॉक करून ठेवल्यामुळे हे कागदावर लिहून पानांचे फोटो ताईच्या मोबाइलवर पाठवतोय. पानांना आकडे घातलेत. कृपया शेवटचं पान आधी वाचू नका.)

तुमच्या हयातीबद्दल शंका का आली, ते सांगतो. काल दुपारी साईनाथने, म्हणजे तुमच्या चिरंजीवांनी, नाक्यावरच्या सलूनमध्ये डोकं भादरून घेतलं. मिशीसकट. खांद्यापर्यंतच्या ज्या वेण्या घालून घ्यायला तो दोनदा रजा टाकून कर्जतला गेला होता, त्या सगळ्या फरशीवर. सलूनवाल्याने रीतीप्रमाणे विचारलं, "तुजा बाप हाय ना रं?" साईनाथ म्हणाला, "इचारू नको. वस्तरा चालव." आपल्याकडे बाप असताना पोरगा मिशी उतरवत नाही. तेव्हा सलूनवाल्याने जो काही निष्कर्ष काढला, तो खुर्चीवरचे केस झाडायच्या आत अख्ख्या साजगावला कळला. चार वाजता माणसं माझ्या ओट्यावर टोप्या काढून बसली. पाच वाजता तरुण मंडळाने श्रद्धांजलीचा फ्लेक्स आणला. त्यात तुमचा सभामंडपाच्या उद्घाटनाचा फोटो आहे, तुम्ही वर पंख्याकडे बघताय. साईनाथ आत भिंतीकडे तोंड करून पडलेला, विचारलं तर बोलेना. ताईचा फोन भजनामुळे बंद. मलाही दोन तास खरं वाटलं, दाजी. त्या दोन तासांत मला काय वाटलं ते इथे लिहीत नाही. मी काय केलं ते लिहितो. 'दैनिक पायथा'च्या संपादकांचा फोन आला की पान सहाला छपाईला जातंय, आणि मी वीस मिनिटांत तुमच्यावर चौदा ओळी लिहून दिल्या. मथळ्यात तुमचं पूर्ण नाव होतं. ताईचा फोन आल्यावर पान थांबवलं. त्या जागी भातबियाण्याची जाहिरात गेली.

आता केस का कापले. ताईने तुम्हाला किती सांगितलंय ठाऊक नाही, म्हणून पहिल्यापासून लिहितो. साईनाथ माझ्याकडे राहतो, कारखान्यात शिफ्ट करून रॅप करतो. रॅप म्हणजे भरभर बोलायचं गाणं. त्यात चाल कमी आणि अपमान जास्त असतो. त्याचं त्यातलं नाव भोंगा, कारखान्याच्या भोंग्यावरून. नेरळचा विकास, मोरूकाकांचा मुलगा, तुम्हाला आठवत असेल. आयटीआयला दोघं एका बाकावर होते आणि दोन वर्षं दुपारचे माझ्याकडेच जेवायचे. त्याचं नाव नॅरोगेज, माथेरानच्या छोट्या गाडीवरून. दोघं मिळून गायचे तेव्हा कुणाचा अपमान करायचा यावर त्यांचं एकमत असायचं (बहुधा खड्डे, ठेकेदार आणि खड्ड्यांचे ठेकेदार), आणि लोक खूश असायचे. मागच्या नवरात्रात खोपोलीला त्यांचा कार्यक्रम झाला, दोन हजार माणूस होतं. त्याची बातमी 'दैनिक पायथा'त आली. "साजगावचा रॅपर भोंगा आदी कलाकारांनी रसिकांना मंत्रमुग्ध केले." विकासने ती कापून आईला दाखवायला नेली. विमलबाईंनी दोनदा वाचून विचारलं, "यात तू कुटं हायस रं?"

विकास 'आदी'त होता, दाजी. बातमी माझीच होती. सव्वाचार इंचांची जागा मिळाली होती, ती ऐन वेळी तीन इंच झाली, तेव्हा शेवटून कापलं. 'आदी' किती जागा वाचवतं, हे जागा मोजणाऱ्यालाच कळतं. विकास साईनाथला म्हणाला, तूच मामाला सांगून माझं नाव काढलंस. साईनाथ म्हणाला, नाय. विकास म्हणाला, मग मामाला सांगून परत छापून आण. साईनाथ मला म्हणाला. मी म्हणालो, एका नावासाठी शुद्धिपत्रक नसतं. तिथून सुरू झालं.

पुढचे सात महिने हे दोघं एकमेकांच्या विरोधात गाणी काढत होते. जाहीर भांडण असं असतं, हे मला या वयात कळलं. मंगळवारी एकाचं गाणं यायचं, गुरुवारी दुसऱ्याचं. दोघांचं रेकॉर्डिंग कर्जतला एकाच खोलीत, भिंतीला अंड्यांचे ट्रे लावलेल्या. तिथली प्रिया म्हणून मुलगी दोघांना वेगवेगळे वार द्यायची आणि एकाची पाण्याची बाटली दुसऱ्याला दिसू द्यायची नाही. नेरळची पोरं साजगावच्या पोरांना रस्त्यात अडवायला लागली. कर्जतच्या एका महोत्सवात दोघांना समोरासमोर उभं केलं, आणि दोघांनी तोंड उघडताच जनरेटर बंद पडला. अंधारात विकास हळूच विचारत होता, "तुजा दमा कसा हाय?" हे मी पहिल्या रांगेतून ऐकलं. दिवे आल्यावर पुन्हा शिव्या सुरू. शब्द मात्र दोघांचेही घोटीव असायचे, मात्रेला मात्रा बसलेली. कोण लिहून देतं याची चौकशी मी केली नाही. (वार्ताहराने सगळ्याच चौकशा करू नयेत.)

एप्रिलच्या शेवटी नॅरोगेजने काढलं:

भोंगा वाजतो तीनदा, मामा वाढतो दोनदा,
बाप गेला वापीला, विचारत नाय एकदा.

हे खोपोलीतल्या सगळ्या रिक्षांत वाजलं. साईनाथ दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी जेवला आणि म्हणाला, आता त्याच्या बापावर. मोरूकाका माथेरानला दस्तुरीनाक्यावर घोडा धरतात, धरायचे, हे तुम्हाला माहीत आहे. तर भोंग्याचं उत्तर असं:

बाप धरतो लगाम, पर्यटक बसतो वर,
तू नुसता शेपटीमागे, लीद गोळा कर.

हल्ली गाण्याला आधीच वेळ लावून ठेवता येते, ठरल्या वेळी ते आपोआप लोकांपुढे जातं. साईनाथने गुरुवारी संध्याकाळी सहाची वेळ लावली आणि तीनच्या शिफ्टला गेला. आत जाताना मोबाइल गेटवरच्या लाकडी पेटीत ठेवावा लागतो, हा तिथला नियम. साडेतीन वाजता मोरूकाका चढावर घोड्याचा लगाम हातात असतानाच खाली बसले. घोडा हलला नाही म्हणतात. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं. पाचला त्यांना नेरळला घरी आणलं. सहाला गाणं आलं. माणसं दारात उभी होती, सगळ्यांच्या खिशात मोबाइल, आणि नेरळची पोरं दोघांनाही ऐकायची. कुणाच्या तरी खिशातून ते वाजलं. ज्याच्या खिशातून वाजलं त्याला ते बंद करता येईना. विकास बापाचे पाय धरून बसला होता. लीद गोळा कर, लीद गोळा कर, हे दोनदा येतं.

नेरळहून फोन आला तसा मी धावत कारखान्याच्या गेटवर गेलो. तिथल्या माणसाने सांगितलं, मोबाइल शिफ्ट सुटल्याशिवाय मिळणार नाही, आणि आत निरोप फक्त घरचं माणूस गेलं तरच देतात. मी म्हणालो, गेलंय. तो म्हणाला, तुमचं कोण? मी शिफ्ट सुटेपर्यंत त्या पेटीशेजारी बसलो. साईनाथ बाहेर येईपर्यंत गाणं आठ हजार लोकांनी ऐकलं होतं. त्याचं एवढं चाललेलं ते पहिलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं नेरळला गेलो. विकास उंबऱ्यातच उभा राहिला. मला म्हणाला, "मामा, तुमी बसा." साईनाथला म्हणाला, "तू नाय." साईनाथने गाणं काढून टाकल्याचं सांगितलं, पाया पडायला वाकला. विकास मागे सरला. म्हणाला, "मामाला कशाला आणलंस रं? माज्या बापाला बोललास, तर तुजा बाप आण. त्यो येऊन माज्या आईसमोर बसंल, मग बगू." घोडा अंगणात बांधलेला होता, त्याला कुणी पाणी दाखवलं नव्हतं. साईनाथने बादली भरून त्याच्यापुढे ठेवली. घोडा प्यायला. विकासने बघितलं आणि दार लावून घेतलं.

त्याचं म्हणणं चुकीचं नाही, दाजी. वडीलधाऱ्याचा अपमान झाला तर समोरच्या घरातला वडीलधारा जाऊन बसतो, पाणी मागतो. त्यांनी पाणी दिलं की मिटलं. मामा चालत नाही. मी विचारून बघितलं, दोन ठिकाणी. मामा लग्नाला चालतो, याला चालत नाही.

साईनाथ त्या दिवसापासून कामावर गेलेला नाही. वही फाडून टाकली. काल दहावा होता. तो उल्हास नदीच्या पलीकडच्या काठावर उभा राहून बघत होता. अलीकडच्या काठावर विकासचे केस उतरवले, चुलतभावांचे उतरवले. हा तिथून सरळ साजगावला आला आणि सलूनमध्ये बसला. एवढंच झालं. सलूनवाल्याला त्याने कारण सांगितलं नाही, मला संध्याकाळी सांगितलं. म्हणाला, "विकाससारखं दिसावं वाटलं, मामा."

मंगळवारी तेरावं आहे. ताईला माझा नमस्कार, पेरू जपून खा. कळावे, लोभ होता तसा असावा.

आपला,
हिरामण

ता. क. सभामंडपाला सहा पंखे देऊन, पुढच्या खुर्चीत बसून, बातमीत तुम्ही "सरपंच, पोलीस पाटील आदी मान्यवर" यांतल्या 'आदी'त गेलात, त्याला चार वर्षं झाली. तेव्हाही जागाच कमी पडली होती, पण हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. चुकलो. पंखे सहाही चालू आहेत. मंगळवारी सकाळी अकराच्या आत नेरळला या. कल्याणला गाडी बदला. साईनाथ फलाटावर उभा असेल, वेण्या शोधू नका.

ता. क. २. "बाप गेला वापीला" ही ओळ मी लिहिली. लीदेचीही मीच. दोघं गुपचूप माझ्याकडेच यायचे, एक सोमवारी, एक बुधवारी, आणि मी तीस वर्षं बातम्यांत दोन्ही बाजू मांडत आलोय. लीदेच्या ओळीवर मी एक अख्खी संध्याकाळ घालवली होती आणि ती जमल्यावर चहा केला होता. दोघांनाही एकमेकांचं माहीत नाही. मंगळवारी विमलबाईंसमोर तुम्ही पाणी मागितल्यावर मी हे सांगणार आहे. तुम्ही शेजारी असलात तर बरं. वापीच्या ओळीबद्दल माफी मागत नाही, ती खरी होती.

ता. क. ३. फ्लेक्स गुंडाळून माझ्या माळ्यावर ठेवलाय. तेराव्याची बातमी लिहून तयार आहे. उपस्थितांची नावं पूर्ण घातली आहेत, 'आदी' नाही. पहिल्या नावाची जागा मोकळी ठेवली आहे. पान संध्याकाळी सहाला छपाईला जातं.