भाषणाची तालीम

५ फेब्रुवारी, बुधवार

आज पुन्हा त्याचा गळा दाबला. स्वप्नात. या खेपेला नळी नव्हती, नुसते माझे हात. त्याचे डोळे बाहेर आले तरी सोडत नव्हते. जाग आली तेव्हा उशीची खोळ उसवलेली आणि बोटं आखडलेली. घाम नाही, भीती नाही — उलट बरं वाटलं. हे कोणाला सांगायचं? म्हणून इथे.

सेक्रेटरीबाईंचा फोन आला. ठरलं. तेवीस तारखेला आमच्या नर्सेस संघटनेच्या अधिवेशनात मुख्य भाषण माझं. हजारो माणसं येणार, मंत्री येणार, टीव्हीवाले येणार. दवाखान्यात हात उचलणाऱ्याला जामीनच मिळू नये, असा कायदा मागायचा आहे. आणि तो मागायला त्यांना माझा गळा हवा आहे. बाई असं म्हणाल्या नाहीत, पण अर्थ तोच. दोन शनिवार तिकडे, घाटाखाली शहरात, तालमीला जायचं. भाषण ज्या सभागृहात, तालीमही तिथेच.

माझा गळा! गेल्या वर्षी अपघात विभागात भरदुपारी एका सुताराच्या आईला आणलं. आणली तेव्हाच ती गेलेली होती. डॉक्टर सांगायला बाहेर आले नाहीत, मला पाठवलं. मी सांगितलं. त्याने भिंतीवरची ऑक्सिजनची नळी उपटली आणि माझ्या गळ्याभोवती आवळली. त्याचे नातेवाईक मागे काचा फोडत होते. सुताराचे हात ते — पकड काय सांगावी. आतलं काहीतरी चिरडलं. तेव्हापासून माझा आवाज म्हणजे गंजलेली बिजागरी. जरा चढवला की फाटतो, मग बंदच.

लहानपणी दादा मला भोंगा म्हणायचा. अजूनही म्हणतो. बाकी कोणी हसत नाही. तोच हसतो, आणि मग तोच नाक शिंकरत बाहेर जातो.

६ फेब्रुवारी, गुरुवार

भाषण पाठ झालं. आईला म्हणून दाखवलं. म्हणाली, चांगलं आहे, पण एवढे दातओठ खाऊन का बोलतेस?

८ फेब्रुवारी, शनिवार

पहिली तालीम. दादाने त्याच्या ड्रायव्हिंग स्कूलची गाडी काढली. तिला ब्रेक दोन्हीकडे — शिकवणाऱ्यालाही आणि शिकणाऱ्यालाही. मी शेजारी बसले तर म्हणाला, पाय वर घेऊन बस, तू घाबरट आहेस, उगाच दाबशील. वाटेत वहिनीचे दोन फोन. गोळ्या घेतल्या का, गळ्याला गुंडाळलंय का. दादाने तिला सांगितलं, भोंगा शाबूत आहे.

घाट उतरल्यावर एका टेम्पोवाल्याने आडवी मारली. दादाने त्याला पुढे जाऊन अडवला, जॅकचा दांडा घेऊन उतरला. मला वाटलं, शिव्या देईल, येईल. त्याने आधी दिवा फोडला, मग खिडकीतून बाहेर आलेल्या हातावर दांडा घातला. कट्ट. तो आवाज मला झोपेतही ओळखता येईल. मनगट. टेम्पोवाला गुरासारखा ओरडत होता. मी नर्स. मी गाडीतून उतरले नाही.

दादा परत आला, म्हणाला, "तू गाडीत असताना कोणी कट मारायचा नाही. विषय संपला." मी त्याला पाणी दिलं.

सभागृह प्रचंड आहे. दारं मागे, खुर्च्यांच्या शेवटच्या रांगेपाशी. व्यासपीठ एवढं उंच की झाडून सगळं दिसतं, कोण जांभई देतंय तेसुद्धा. सेक्रेटरीबाई पहिल्या रांगेत पाय पसरून बसल्या. चाळीस वर्षं ऑपरेशन थिएटर सांभाळलेली बाई, बोलणंही चिरल्यासारखं. म्हणाल्या, रडायचं नाही. रडणारी बाई लोकांना आवडते आणि घरी जाईपर्यंत विसरली जाते. चिडायचं. आवाज फाटतो तिथे फाटू द्यायचा, लपवायचा नाही. "त्याने मला आवळलं" म्हणून झालं की स्कार्फ काढायचा, वण दिसेपर्यंत गप्प राहायचं.

तसं केलं. आधी जमेना. मग त्याचा चेहरा डोळ्यांपुढे आणला आणि जमलं. ऐकायला बसलेले स्वयंसेवक — आमचेच वॉर्डबॉय मामा, ड्रेसर, नर्सेस — उठून उभे राहिले. एकाने खुर्चीच्या पाठीवर बुक्की मारली. त्यांच्या अंगातून काहीतरी निघून माझ्या अंगात शिरत होतं. आवडलं मला. फार आवडलं.

९ फेब्रुवारी, रविवार

ताप. गळा सुजलाय. दिवसभर पाटीवर लिहून बोलले. दादा उत्तरंही पाटीवरच लिहून देत होता, गाढव.

१२ फेब्रुवारी, बुधवार

कोर्टाची तारीख. पुढची मिळाली, दुसरं काय! तो आला होता, जामिनावर आहे. वाळलाय. दाढी वाढलेली, एका नखाखाली काळं रक्त साकळलेलं. वर बघत नव्हता.

त्याची बायको व्हरांड्यात माझ्यापाशी आली. पाठीला बाक, हातात पिशवी. म्हणाली, ते तुमच्याशी एकदा बोलायचं म्हणतात, आई गेल्यापासून त्यांचं काही खरं नाही. मी काही बोलायच्या आत दादा मध्ये पडला. तिला बाजूला सारलं, नवऱ्याला कॉलर धरून भिंतीवर आपटलं. डोकं लागलं, चुना पडला. सुताराने हातसुद्धा उचलला नाही. मला मनातून वाटत होतं — दादा, अजून एक. हवालदाराने सोडवलं.

दादा जाता जाता त्या बाईला म्हणाला, "बोलायचंय ना? मग अधिवेशनाला आणा त्याला. सगळ्यांसमोर बोलू दे."

टोमणाच तो. घरी येऊन आम्ही हसलोही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

उद्या दुसरी तालीम, रंगीत. माईक, दिवे, सगळं. बाईंचा निरोप — आज एक शब्द बोलायचा नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

लिहिता येत नाही. उजवा खांदा उचलवत नाही. उद्या.

१६ फेब्रुवारी, रविवार

सगळं लिहायचं. जसं झालं तसं.

तालमीला दीडएकशे माणसं होती. मी चांगली बोलत होते. स्कार्फ काढला, गप्प उभी राहिले, आणि शेवटच्या रांगेमागे दार उघडलं. तो आणि त्याची बायको. तिने नंतर सांगितलं — अधिवेशनाच्या गर्दीत त्यांचा धीर झाला नसता, म्हणून ऑफिसात विचारून तालमीला आले.

मी त्याच्याकडे बघत राहिले. बाकीच्यांनी माना वळवल्या. कुणाला काही कळलं नसतं. दादाला कळलं. तो पहिल्या रांगेतून उठला, मधल्या वाटेने चालत गेला — पळालाही नाही, चालत — आणि म्हणाला, "हाच तो." मग मारलं. तोंडावर. पहिला फटका त्याचा.

कोणीतरी दार लावून घेतलं.

मग सगळे. घडीच्या खुर्च्या मिटवून मारत होते. पत्र्याच्या कडेने. आमची माणसं! कुठे मारलं की माणूस खाली बसतो, कुठे मारलं की उठत नाही, हे ज्यांना रोजच्या कामाने ठाऊक आहे ती माणसं. ड्रेसर बरगड्यांवर लाथा घालत होता, मोजूनमापून, मलमपट्टी करतो तसा. माझ्याच वॉर्डातल्या मामाने माईकचा स्टँड उचलला. ज्या सिस्टरने मला काम शिकवलं तिने त्याचे केस धरून डोकं फरशीवर आपटलं. तो नुसता हात डोक्यावर घेत होता. एक हात मोडला तेव्हा दुसरा घेतला.

मी माईकवर ओरडले, थांबा. आवाज फाटला आणि गेला. स्पीकरमधून नुसती खरखर. त्यांना वाटलं असेल मी रडतेय. ते अजूनच चेकाळले.

मी उतरले. कशी ते आठवत नाही. त्याच्यावर पालथी पडले. एक खुर्ची माझ्या खांद्यावर आली, मग थांबली. एकदम शांत झालं. त्याच्या कानातून रक्त येत होतं, पातळ, पाण्यासारखं. मी मान वर केली. आवाज नव्हता, ओठांनीच म्हटलं — मानेला कॉलर.

आणि तीच माणसं धावली. खरंच धावली! ड्रेसरने पुठ्ठा कापून त्याच्या मानेला बांधला. मामाने स्टँड टाकला आणि त्याचे पाय सरळ केले. त्याच सिस्टरने त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं, जराही हलू न देता, आणि ती मोठ्यांदा नाडी मोजायला लागली. ज्या हातांनी मोडलं त्याच हातांनी सावरत होते, आणि कामात कुणाची कसूर नव्हती. गाडी येईपर्यंत त्याला जिवंत ठेवलं आम्ही.

दादा भिंतीपाशी उभा. हाताच्या सांध्यांवरची सालं निघालेली. सुताराची बायको दाराशी बसली होती, नवऱ्याची एक चप्पल उराशी धरून.

१७ फेब्रुवारी, सोमवार

दोन रात्री तिकडेच काढून आज घरी आलो. मला बोलताच येत नाही. गाव जवळ आल्यावर दादा एवढंच म्हणाला, "तुझ्यासाठी केलं मी."

सेक्रेटरीबाई सगळ्यांना फोन करताहेत. सांगायचं असं — तो दारू पिऊन आला, सिस्टरवर धावून गेला, झटापट झाली, अंधार होता, कोणी कोणाला पाहिलं नाही. अंधार कुठला, सगळे दिवे लावलेले होते. रंगीत तालीम होती.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सुतार सकाळी गेला.

आईने देवापाशी दिवा लावला. कोणासाठी, ते मी विचारलं नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

त्याच्या बायकोला भेटायला गेले. एकटी, बसने. शवागाराबाहेर बाकावर बसली होती. मी चहा पुढे केला, तिने घेतला नाही. बराच वेळ माझ्या गळ्याकडे बघत होती. मग शांतपणे म्हणाली,

"मला तर नुसत्या पाठी दिसल्या हो. तुम्ही वर होतात. तुम्हाला सगळं दिसलं असेल."

आवाज थोडा आला होता. तरी बोलले नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

इन्स्पेक्टर येऊन गेले. दीडशे माणसांनी एकच जबाब दिलाय म्हणे, जणू कोणी पाठ करून घेतला. त्यांनी लिहिलंय, अज्ञात जमाव. मला विचारलं. मी गळ्याकडे बोट दाखवलं, बोलता येत नाही म्हणून. त्यांनी मान डोलावली, बरं वाटल्यावर या म्हणाले. दादाने त्यांना फाटकापर्यंत सोडलं. परत आला तो तोंडावर पाणी मारून तसाच मोरीत उभा राहिला, नळ चालू ठेवून.

मग वहिनी माझ्या खोलीत आली. दार लोटून घेतलं. ती कधी रडत नाही. म्हणाली, ते झोपेत हात झाडतात, परवा मला लागला. पुढे म्हणाली, "माणूस वाईट नाही तो, तुम्हाला माहीत आहे." मला माहीत आहे. मला टायफॉइड झाला तेव्हा मला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेणारा तो. माझी फी भरायला स्वतःचं शिक्षण सोडणारा तो. आणि तो पहिला फटका — त्याला मांडीचं हाड मोडल्यासारखा आवाज होता.

इतके दिवस मी स्वप्नात कोणाचा गळा दाबत होते? आता ते स्वप्नही येत नाही. माझ्या वाटणीचं सगळं दीडशे जणांनी करून टाकलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

बाई घरी आल्या. फळं घेऊन. अधिवेशन होणारच, मंत्र्यांनी होकार कळवलाय. म्हणाल्या, भाषणात त्या प्रकाराचा उल्लेख नको, बाकी शब्द न शब्द तोच. लोक आता दुप्पट येतील, सिस्टर. निघताना माझ्या दुखऱ्या खांद्यावरचा पट्टा स्वतः सोडून नीट बांधून दिला. इतका चांगला कोणीच बांधला नव्हता.

२२ फेब्रुवारी, शनिवार

दादा विचारत होता, येऊ ना उद्या? म्हटलं, ये.

२३ फेब्रुवारी, रविवार

आवाज टिकला. पाठ केलेलं भाषण केलं नाही. स्कार्फ काढला नाही. कोणी कोणी मारलं आणि कशाने, ते वरून जसं दिसलं तसं सांगितलं, एकेक नाव घेऊन. पहिलं दादाचं.

खाली उतरले तेव्हा एकही टाळी नव्हती. माझी खुर्ची पहिल्या रांगेत, दादाच्या पलीकडे. त्याने गुडघे बाजूला घेऊन मला वाट दिली.