घाटात न थांबणारी गाडी

अण्णा, चिपळूणहून परतताना कुंभार्लीच्या चढाला आपल्या गाडीचं पाणी उकळायचं, तो आवाज अजून कानात आहे. आधी बॉनेटखाली बारीक शीळ, मग खदखद. तुम्ही चाकाला दगड लावायचात आणि इंजिन निवेपर्यंत कठड्यावर बसून माझ्याकडून शाळेतल्या कविता म्हणून घ्यायचात. मला येते ती प्रत्येक कविता त्या कठड्यावर पाठ झाली. आणि आता तुमचा नातू तेच इंजिन उपटून भंगारात देणार आहे. गाडी पुण्यात ताईच्या शेडमध्ये, तुमच्यामागे माझ्या नावावर. म्हणून माझा होकार हवा.

गेल्या रविवारी इथे परदेशात, पुंगोलला त्याच्या घरी जेवता जेवता त्याने विषय काढला. म्हणे, प्रो-टूरिंग करायची. मी म्हटलं, हे काय नवीन खूळ? तर मला शिकवायला लागला. वरचं अंग जुनंच, पत्र्याची एक रेघ हलवायची नाही. आत इंजिन, ब्रेक, सस्पेन्शन सगळं आजचं. नुसतं चकचकीत करून प्रदर्शनात उभं केलं तर ते प्रो-टूरिंग नव्हे. "बाबा, ती लांब पल्ल्याला पळाली पाहिजे, वळणं घेतली पाहिजेत. तीच तर अट आहे." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, काळीज काढून चेहरा ठेवायचा, याला तुम्ही पोरं जपणं म्हणता? ताटावरून उठलो आणि एमआरटी मेट्रोने तोआ पायोहला माझ्या घरी आलो. तेव्हापासून त्याचा फोन घेत नाही. जी गाडी थांबणारच नाही, तिच्यात कोण कोणाला कविता म्हणून दाखवणार?

पण अण्णा, खरा राग तुमचा येतोय. आई मागच्या सीटवर तापाने फणफणली होती, तो दिवस. रेडिएटरचं झाकण उघडताना तुमचा तळवा भाजला. तुम्ही चाकाला लाथ घातलीत. "एकदा ही न थांबता घाट चढली ना, तर आरती ओवाळीन हिला." आणि लगेच माझ्याकडे वळून, त्याच आवाजात, "हं, पुढचं कडवं." मी रडू नये म्हणून होत्या का हो त्या सगळ्या कविता? कशाला बोललात तसं? त्याची अट तुम्ही तेव्हाच घालून बसलात. हे तुमचं बोलणं मी त्याला सांगितलेलं नाही. सांगितलं तर मी हरलो.

बेल वाजतेय. जाळीच्या दाराबाहेर सूनबाई, एकटी. अशी ती कधीच येत नाही. "बाबा," ती म्हणते, "हा इमारतीखाली, व्हॉइड डेकच्या बाकावर बसलाय. वर यायला घाबरतोय."