कोंडाजी येऊन गेला

अंबरनाथ,
रविवार, २२ नोव्हेंबर १९५३

चि. कुंदा हिस अण्णाचे आशीर्वाद.

आज कारखान्याला सुट्टी. सकाळी कपडे धुतले, दळण आणले. दुपारी चंदरच्या जहाजावरचा कोंडाजी आला, आत्ताच गेला. बाबांचा खोकला कसा आहे? बदलापूर इतके जवळ असून पत्र लिहितो याचे तुला नवल वाटेल. धाकट्या भावाच्या बायकोसमोर बसून हे मला बोलता आले नसते.

कोंडाजी चंदरसारखाच आगवाला, जहाजाच्या बॉयलरमध्ये कोळसा टाकणारा. कल्याणहून चालत निघाला आणि निर्वासितांच्या कॅम्पात चुकला. एका सिंधी दुकानदाराने त्याला इथवर आणून सोडले. आल्या आल्या म्हणाला, “एडनला चुकलो नाही, तुमच्या कॅम्पात चुकलो बघा! सगळ्या बराकी एकसारख्या.”

चंदर पत्रात ‘आमची केबिन’ लिहायचा. तशी केबिन नव्हती. जहाजाच्या पुढच्या टोकाला, खाली, सगळ्या आगवाल्यांची मिळून एक खोली. लोखंडी फळ्या एकावर एक. पलीकडे नांगराची साखळी. ओले कपडे तिथेच, जेवण तिथेच. लाटा असल्या की खिडक्या बंद. पाळ्या उलट असल्यामुळे चंदर आणि कोंडाजी एकच फळी वापरायचे.

“तो उठला की मी पडायचो,” कोंडाजी म्हणाला. “अंथरूण कधी गार झालं नाही. त्याच्या तेलाचा वास यायचा, मी शिव्या घालायचो. तर म्हणायचा, बायकोनं दिलंय, तूही लाव, टकलावर उगवेल.”

मी हसलो. तो तिथेच थांबला असता तर बरे झाले असते.

कंपनीने चंदर तांबड्या समुद्रात बेपत्ता एवढेच कळवले. तो एखाद्या बंदरात उतरून गेला असेल असे तू म्हणतेस. विष्णुपंत भटजींनी सांगितले होते, जाताना कोणी पाहिले नसेल तर बारा वर्षे वाट पाहायची, तोवर क्रिया नाही. पाहणारा असेल तर पळसाच्या पानांचा देह करून अग्नी देता येतो. पाहणारा नाही याचे मलाही बरे वाटत होते.

कोंडाजीने पाहिले आहे.

“बॉयलरपाशी भट्टी, निजायची जागा तीही भट्टी. पाळी संपवून चंदर वर कठड्याशी गेला. मी म्हटलं, चंद्या, आधी पाणी पी. तो म्हणाला, विहिरीवर जाऊन येतो. आणि कठडा ओलांडला. मी बोंब मारली, जहाज फिरवलं, सापडला नाही. साहेब विचारू लागला, उडी मारली का? जीव दिला असं लिहितील म्हणून मी म्हटलं, पाहिलं नाही. अण्णा, तो मरायला नाही गेला. उष्म्यानं भान गेलं होतं त्याचं. आंघोळीला गेला तो.”

विष्णुपंतांना मी सांगितलेले नाही. कोंडाजी उद्या गावी जातो, तोही बोलणार नाही. तुला कुंकू ठेवायचे असेल तर ठेव, मी जन्मभर तोंड उघडणार नाही. क्रिया करू म्हणालीस तर बारवी नदीकाठच्या रानातून पळस मी स्वतः आणीन. पण मला ठाऊक असताना तुला दाराकडे बघत बसू देणे माझ्याने झाले नाही.

उत्तराची घाई नाही. बाबांना इतक्यात सांगू नकोस.

कोंडाजीचा चहाचा कप तसाच पडला आहे. तो विसळतो आणि पत्र पेटीत टाकून येतो.

तुझा आणि चंदरचा,
अण्णा